बिबळा आणि मधुमेह : एका वनौषधीची प्रयोगशाळेतील परीक्षा

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, जळगाव जिल्ह्यातील चोपडा, यावल व रावेर आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर या तालुक्यांच्या उत्तर सीमेवर जी जंगले आहेत, त्यांत सागाच्या सोबतीने बिबळा हा वृक्ष आढळतो. त्याची शेंग गोल, चपटी, कडेने पातळ पंख असलेली, एखाद्या नाण्यासारखी दिसते. खोडाला घाव घातला की रक्तासारखा लाल डिंक पाझरतो. लाकूड कठीण व टिकाऊ असल्याने बैलगाड्या, दारांच्या चौकटी आणि शेतीची अवजारे यांसाठी ते पूर्वापार वापरले जाते. अलीकडच्या काळात मात्र या लाकडाला निराळीच मागणी आली आहे. त्याच्या गाभ्यातून कोरलेले पेले वनौषधींच्या दुकानांतून व प्रदर्शनांतून विकले जातात. अशा पेल्यात रात्री पाणी भरून ठेवले, तर सकाळी ते पिवळसर तपकिरी होते आणि उजेडात धरल्यास त्यावर निळसर झाक दिसते. मधुमेही व्यक्ती हे पाणी उपाशीपोटी पितात. रंग बदललेले पाणी पाहून लाकडातील काहीतरी पाण्यात उतरले आहे याची खात्री पटते. ते काहीतरी रक्तातील साखर उतरवते काय, हा प्रश्न मात्र पाण्याकडे पाहून सुटत नाही.

हा प्रश्न किती माणसांचा आहे, याची कल्पना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीवरून येते. या पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून प्रौढ लोकसंख्येशी हे प्रमाण ११.४ टक्के पडते. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले लोक यांपेक्षाही अधिक, म्हणजे सुमारे १३ कोटी ६० लाख आहेत. या रोगाचे औषध आयुष्यभर घ्यावे लागते. अशा वेळी जंगलात मिळणारे, स्वस्त आणि आपल्या परंपरेतले औषध हाती असेल तर ते कोणाला नको असेल? आयुर्वेदात या वृक्षाचे नाव जुने आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात प्रमेहादी विकारांवर जो असनादि गण सांगितला आहे, त्याचे नावच असन म्हणजे बिबळा या वृक्षावरून पडले आहे. परंपरेने दिलेली ही खूण संशोधनास दिशा देते. परीक्षेची जागा मात्र ती घेऊ शकत नाही.

नावांचा गोंधळ

परीक्षेची पहिली पायरी प्रयोगशाळेत नसून जंगलात आहे. संस्कृतातील असन म्हणजे मराठीतील बिबळा, आणि औषधांच्या बाजारातील विजयसार. परंतु मराठीत असाणा म्हणतात तो वृक्ष अगदी निराळा. कोवळेपणी त्याच्या खोडावर काटे असतात आणि त्याचे कूळही वेगळे आहे. त्यातच काही भागांत ऐनालाही आसन म्हणण्याची पद्धत आहे. अशा रीतीने एका नावाच्या आधारे तीन झाडांच्या साली एकाच पोत्यात येऊ शकतात. म्हणून फुले व फळे यांसह नमुना गोळा करणे, वनस्पतिशास्त्रज्ञाकडून त्याची शास्त्रीय ओळख पटवून घेणे आणि दाबून वाळवलेला तो नमुना क्रमांक देऊन जतन करणे, हे काम आधी करावे लागते. पुढे कोणाला प्रयोगाविषयी शंका आली, तर हा वाळलेला नमुना साक्ष देतो.

असाणाही या परीक्षेतून सुटलेला नाही. धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथील आर. सी. पटेल औषधनिर्माणशास्त्र शिक्षण व संशोधन संस्थेतील संशोधकांनी असाण्याच्या सालीचा रक्तशर्करेवरील परिणाम पांढऱ्या उंदरांवर तपासून २०११ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे नावे जवळची असली तरी या दोन वृक्षांची परीक्षा स्वतंत्रपणे झाली आहे, आणि एकाचा निष्कर्ष दुसऱ्याच्या खाती मांडता येत नाही. शिरपूरप्रमाणेच चोपडा व फैजपूर येथेही औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. जंगल आणि प्रयोगशाळा यांतील अंतर इतके कमी असणे, ही खानदेशाची एक जमेची बाजू म्हटली पाहिजे.

अर्क आणि परवानगी

गोळा केलेले लाकूड किंवा साल सावलीत वाळवून त्याची भरड पूड करतात. ही पूड पाण्यात उकळून किंवा मद्यार्कात भिजवून गाळतात आणि द्रव मंद आचेवर आटवतात. तळाशी उरणारा घट्ट, गडद पदार्थ म्हणजे अर्क. शंभर ग्रॅम पुडीतून किती ग्रॅम अर्क मिळाला, याची नोंद महत्त्वाची असते. पाण्यात उतरणारी द्रव्ये आणि मद्यार्कात उतरणारी द्रव्ये एकच नसतात. त्यामुळे मद्यार्काच्या अर्काने मिळालेले यश पेल्यातील पाण्याला आपोआप लागू होत नाही. जाहिरातींतून नेमकी हीच गोष्ट गाळली जाते.

उंदरांवर प्रयोग करण्यासाठी कायद्याची चौकट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम १९६० चा असून त्यानुसार केंद्रीय समिती नेमलेली असते. १९९८ च्या नियमांप्रमाणे संस्थेची व तिच्या प्राणिगृहाची नोंदणी करावी लागते आणि प्रत्येक प्रयोगाचा आराखडा संस्थेच्या नीतिसमितीपुढे ठेवून मान्यता घ्यावी लागते. किती प्राणी, कशासाठी, याहून कमी प्राण्यांत भागेल काय आणि त्यांना वेदना होऊ नयेत म्हणून काय तजवीज केली आहे, या प्रश्नांची उत्तरे त्या आराखड्यात असावी लागतात. प्राणिगृहात सुमारे २२ अंश तापमान आणि बारा तास उजेड, बारा तास अंधार असा क्रम पाळला जातो. ही केवळ सोय नव्हे. घाबरलेल्या किंवा उकाड्याने हैराण झालेल्या उंदराच्या रक्तातील साखर औषधावाचूनच वाढते, आणि मग मोजमापाला अर्थ उरत नाही.

त्यानंतर अर्क विषारी नाही याची खातरजमा करतात. आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या पद्धतीनुसार एका वेळी तीनच उंदरांना ठरावीक मात्रा देऊन चौदा दिवस निरीक्षण केले जाते आणि त्यांच्या प्रकृतीवरून पुढील मात्रा ठरते. शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे २००० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेने उंदीर दगावले नाहीत, तर त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासची मात्रा पुढील प्रयोगासाठी घेण्याचा प्रघात आहे. चौदा दिवसांच्या या निरीक्षणावरून वर्षानुवर्षे घ्यावयाच्या औषधाच्या निर्धोकपणाविषयी काही सांगता येत नाही, हे येथेच नमूद केले पाहिजे.

मधुमेह घडवून आणणे

उंदराला मधुमेह सहसा आपोआप होत नाही, तो घडवून आणावा लागतो. स्वादुपिंडाचा मधुमेहाशी असलेला संबंध १८८९ मध्ये जर्मनीत फॉन मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून दाखवून दिला. शस्त्रक्रियेची ही अडचणीची वाट १९४३ मध्ये बदलली. ग्लासगो येथे डन व त्यांचे सहकारी मूत्रपिंडाच्या विकारांचा अभ्यास करीत होते. त्या ओघात ॲलॉक्सन नावाचे द्रव्य सशांना दिले असता स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट झाल्याचे त्यांना आढळले. दुसरे द्रव्य स्ट्रेप्टोझोटोसिन. ते मातीतील एका सूक्ष्मजीवापासून प्रतिजैविक म्हणून मिळाले आणि त्याचा मधुमेहकारक गुण १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही दोन्ही द्रव्ये रचनेने ग्लुकोजशी इतकी मिळतीजुळती आहेत की, ग्लुकोज आत घेणारे बीटा पेशींचे दार त्यांनाही मोकळे असते. पेशी साखर समजून विष आत घेते.

हे इंजेक्शन दिल्यानंतरचे पहिले चोवीस तास नाजूक असतात. मरणाऱ्या पेशींतील इन्शुलिनचा साठा एकदम रक्तात येतो आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. म्हणून त्या रात्री उंदरांना पिण्यासाठी ग्लुकोजचे पाणी ठेवतात. तीन दिवसांनी किंवा त्यानंतर शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन साखर मोजली जाते. दर १०० मिलिलिटर रक्तात २५० मिलिग्रॅमच्या वर साखर असलेले उंदीरच बहुधा प्रयोगासाठी निवडतात.

पुढची मांडणी साधी आहे. सहा उंदरांचा एक, असे पाच गट केले जातात. पहिला गट निरोगी उंदरांचा. दुसरा मधुमेही, पण त्याला केवळ अर्क ज्यात कालवला जातो तो द्रव पाजावयाचा. तिसऱ्याला ग्लायबेनक्लामाइडसारखे सिद्ध झालेले औषध. चौथ्या व पाचव्या गटांना अर्काच्या दोन निरनिराळ्या मात्रा. तीन ते चार आठवडे रोज ठरलेल्या वेळी औषध नळीने पोटात सोडतात. साखर, वजन, खाणे आणि पाणी पिणे यांच्या नोंदी ठेवल्या जातात. अखेरीस स्वादुपिंडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. काप पाहणाऱ्याला तो कोणत्या गटातील उंदराचा आहे हे सांगू नये, अशी अपेक्षा असते. पाहणाऱ्याच्या मनातील आशा काचेवर उमटू नये, एवढाच त्याचा हेतू.

साखर उतरली, पण कशामुळे?

समजा, अर्काच्या गटातील सहाही उंदरांची साखर आरंभी ३२० मिलिग्रॅम होती. ॲलॉक्सनचा एक स्वभाव असा की, काही उंदीर कोणत्याही औषधाशिवाय आपोआप बरे होतात, कारण त्यांच्या सर्व बीटा पेशी नष्ट झालेल्या नसतात. सहांपैकी असे दोन उंदीर १२० पर्यंत उतरले आणि उरलेले चार जेथल्या तेथे राहिले, तर गटाची सरासरी सुमारे २५३ होते. एका थेंबाचाही परिणाम न होता साखर ६७ मिलिग्रॅमने उतरल्याचा देखावा तयार होतो. दुसऱ्या गटाची तुलना आणि संख्याशास्त्राची गाळणी यांची गरज येथे लागते. अर्क कडू असल्याने उंदराने खाणे कमी केले तरी साखर उतरते, परंतु तेव्हा वजनही घटते. म्हणून साखर उतरली आणि वजन सावरले, या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तरच आशा धरावयाची.

बिबळ्याच्या बाबतीत हा धडा एकदा मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला. चक्रवर्ती, गोडे आदी भारतीय संशोधकांनी १९८० मध्ये बिबळ्यामुळे उंदरांतील नष्ट झालेल्या बीटा पेशी पुन्हा निर्माण होतात असे प्रतिपादन केले, आणि १९८१ मध्ये लंडनच्या लॅन्सेट या नियतकालिकात बिबळ्यातील एपिकॅटेचिन या घटकाविषयी तसाच निष्कर्ष मांडला. मेलेल्या बीटा पेशी परत आणणारे औषध म्हणजे मधुमेहाच्या मुळावरच घाव. साहजिकच जगभरातील प्रयोगशाळांचे लक्ष तिकडे वेधले. १९८२ मध्ये कोल्ब व सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्येच, आपल्या प्रयोगांत एपिकॅटेचिनचा मधुमेहविरोधी परिणाम दिसला नाही, असे कळवले. १९८३ मध्ये शीहान व सहकाऱ्यांनाही त्या दाव्याची पुष्टी मिळाली नाही. उंदीर तेच, द्रव्य तेच, आणि उत्तर निराळे.

तेवढ्यावरून बिबळा निकामी ठरला, असे मात्र म्हणता येत नाही. १९९७ मध्ये मणिक्कम व सहकाऱ्यांनी या वृक्षातील मार्सुप्सिन आणि टेरोस्टिल्बीन ही द्रव्ये स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेही केलेल्या उंदरांना दिली, तेव्हा साखर लक्षणीय उतरल्याचे आढळले. म्हणजे बीटा पेशी पुन्हा उगवण्याचा मोठा दावा टिकला नाही. साखर काही प्रमाणात उतरवणारी द्रव्ये या लाकडात असावीत, हा लहान दावा शिल्लक राहिला. विज्ञानात बहुतेक वेळा असेच घडते, आणि लहान दाव्याला वर्तमानपत्रात मथळा मिळत नाही.

उंदरापासून माणसापर्यंत

स्ट्रेप्टोझोटोसिन दिलेल्या उंदराचा मधुमेह हा मुख्यतः इन्शुलिनच्या अभावाचा असतो. खानदेशातील पन्नाशीच्या शेतकऱ्याला किंवा व्यापाऱ्याला होणारा मधुमेह बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. त्यात इन्शुलिन असते, पण शरीर त्याला दाद देत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी उंदरांना काही आठवडे चरबीयुक्त आहार देऊन मग स्ट्रेप्टोझोटोसिनची अल्प मात्रा देण्याची पद्धत भारतीय संशोधकांनी २००५ मध्ये मांडली. ती पुष्कळ ठिकाणी वापरली जाते. तरीही उंदीर तो उंदीरच.

मात्रेचा हिशेबही सरळ नसतो. लहान प्राण्याची शरीरक्रिया वेगाने चालते. म्हणून उंदराची मात्रा माणसासाठी बदलताना तिला ६.२ ने भागण्याची रीत आहे. उंदराला दर किलोग्रॅमला २०० मिलिग्रॅम अर्क दिला असेल, तर माणसाला दर किलोग्रॅमला सुमारे ३२ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीला दिवसाला सुमारे दोन ग्रॅम अर्क लागेल. हा केवळ आरंभाचा अंदाज होय.

माणसांवरील परीक्षा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केली. नव्यानेच मधुमेहाचे निदान झालेल्या रुग्णांना विजयसार देऊन अनेक केंद्रांवर घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांअखेर ९७ पैकी ६७ रुग्णांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची, अशी दोन्ही वेळची साखर आटोक्यात आली. या ६७ पैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांना दिवसाला दोन ग्रॅमची मात्रा पुरली. इतरांना तीन किंवा चार ग्रॅमपर्यंत जावे लागले. जेवणानंतरची साखर फार वाढल्यामुळे चौघांना चाचणीतून वगळावे लागले. हे आकडे उत्साहवर्धक आहेत, परंतु ही चाचणी खुली होती. कोणते औषध चालू आहे हे रुग्ण व डॉक्टर दोघांनाही ठाऊक होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पथ्यपाणी सुरू झाल्यानेही नव्या रुग्णाची साखर उतरते. ही उणीव ध्यानात घेऊन पुढे टोल्ब्युटामाइड या गोळीशी तुलना करणारी, आणि कोणाला काय दिले हे दोघांपासूनही गुप्त ठेवणारी चाचणी घेण्यात आली. तिचा वृत्तान्त २००५ मध्ये प्रसिद्ध झाला.

या चाचण्यांतील रुग्ण नव्या निदानाचे होते, त्यांची नियमित रक्ततपासणी होत होती आणि औषध मोजून दिले जात होते. पेल्याच्या पाण्यात यांपैकी काहीच नसते. त्यात किती द्रव्य उतरते हे लाकडाच्या वयावर, पाण्याच्या वेळेवर आणि पेला किती जुना झाला यावर अवलंबून असते. दहा वर्षांपासून इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णाने ते बंद करून पेल्यावर भिस्त ठेवली, तर साखर नकळत चढत जाते आणि डोळे, मूत्रपिंड व पायांच्या नसा यांना इजा पोहोचते. उलट गोळ्या चालू ठेवून सोबत दमदार अर्क घेतला, तर साखर एकाएकी उतरून घाम, थरथर आणि बेशुद्धी येण्याचा धोका असतो. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत ग्लायबेनक्लामाइड किंवा मेटफॉर्मिन मिसळलेले असल्याचे देशोदेशींच्या तपासण्यांत आढळले आहे. झटपट गुण देणाऱ्या चूर्णाविषयी म्हणूनच अधिक संशय बाळगावा. गंमत अशी की, मेटफॉर्मिनचे मूळही एका वनस्पतीकडे जाते. युरोपातील गॅलेगा नावाच्या झुडपातील द्रव्यांवरून सुरू झालेला तो शोध १९५७ मध्ये फ्रान्समधील स्टर्न यांच्या रुग्णांवरील कामाने फळास आला. झुडपातील मूळ द्रव्य माणसाला विषारी ठरले होते. त्याची रचना बदलल्यावरच औषध हाती आले.

लाकूड कोठून येणार?

बिबळ्याचा औषधी भाग म्हणजे खोडाचा गाभा. जांभळाची बी किंवा कारल्याचे फळ दरवर्षी मिळते. गाभा भरण्यास मात्र अनेक वर्षे लागतात आणि तो काढण्यासाठी झाड तोडावेच लागते. शंभर ग्रॅम लाकडातून दहा ग्रॅम अर्क मिळतो असे धरले, तर दिवसाला दोन ग्रॅम अर्क घेणाऱ्या एका रुग्णाला वर्षाकाठी ७ किलो ३०० ग्रॅम लाकूड लागेल. अशा एक हजार रुग्णांना सात टनांहून अधिक. या वृक्षाची गणना जागतिक लाल यादीत संकटाच्या जवळ पोहोचलेल्या जातींत झाली आहे. बियांवरचे कवच कठीण असल्याने रोपेही सहजी तयार होत नाहीत. यावल अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रातून लाकूड काढता येत नाही आणि बाहेरचे साठे अमर्याद नाहीत. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमाने अशा संपत्तीच्या व्यापारी वापरासाठी मंजुरीची आणि स्थानिकांना लाभाचा वाटा देण्याची तरतूद केली आहे.

झाड न तोडता भागावे म्हणून पाने वापरावीत, अशी सूचना स्वाभाविकपणे पुढे येते. परंतु गाभ्यातील द्रव्ये पानांत त्याच प्रमाणात असतील असे गृहीत धरता येत नाही. त्यामुळे पानांचा अर्क घ्यावयाचा, तर वाळवलेल्या नमुन्यापासून तीस उंदरांपर्यंतच्या साऱ्या पायऱ्या त्याच्यासाठी नव्याने चढाव्या लागतात.